मुलासाठी रँक, मुलीसाठी वातावरण: गोंदियातून कॉलेज निवडताना

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगाव तालुक्यात. बीटेक झालो आणि नोकरी लागली, एवढ्या भांडवलावर गावाकडच्या लोकांनी मला कॉलेज निवडीचा तज्ज्ञ करून टाकलंय. दर जून-जुलैत दहा-पंधरा घरांच्या कॉलेजच्या याद्या माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. मला आवडतं ते काम. माझ्या वेळी असं विचारायला कोणी नव्हतं.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली, आणि आजचा भाग त्यावरच आहे. घरात पोरगा असला की फोनवरचा पहिला प्रश्न असतो, "त्या कॉलेजची रँक किती आहे जी?" आणि पोरगी असली की पहिला प्रश्न असतो, "तिथलं वातावरण कसं आहे जी?" पर्सेंटाइल तेवढाच, ब्रँच तीच, कधी कधी तर घरही तेच. प्रश्न मात्र बदलतो. आणि प्रश्न बदलला की यादी बदलते, यादी बदलली की पुढची चार वर्षं बदलतात.

आधी आपली जागा नकाशावर बघू. ज्यांना गोंदिया माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: महाराष्ट्राचं पूर्वेकडचं टोक, एका बाजूला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला. धानाचा मुलूख. जिल्ह्यात शिक्षणाची सोय अगदीच नाही असं नाही. गोंदिया एज्युकेशन सोसायटीची जुनी कॉलेजं आहेत, कुडव्याला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शासकीय पॉलिटेक्निक आहे, २०१६ पासून शासकीय मेडिकल कॉलेजही आहे. पण इंजिनिअरिंगचं म्हटलं की घराघरात दोनच नावं निघतात: नागपूर आणि पुणे. नागपूर रेल्वेनं साधारण १३० किलोमीटर. पुण्याचं सांगायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेस सकाळी गोंदियाहून पकडली की पुणे दुसऱ्या दिवशी.

आता प्रवेशाचे राउंड कधी येतात? ऐन पावसाळ्यात. त्याच वेळी शेतात रोवणी सुरू असते. हातातला पैसा मजुरांना आणि खताला गेलेला असतो, बाबा बांधीत असतात. अशा वेळी चार कॉलेजं स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायला पुण्याला कोण जाणार? म्हणून मग कॉलेजबद्दल दोनच गोष्टी घरापर्यंत पोहोचतात. एक म्हणजे आकडा, कारण आकडा मोबाइलवर दिसतो. दुसरी म्हणजे कोणीतरी सांगितलेली गोष्ट, कारण ती फोनवर ऐकता येते. आकड्याला आपण रँक म्हणतो आणि ऐकीव गोष्टीला वातावरण.

पहिल्यांदा आकडा. आमच्या कामात कुठलाही स्कोअर समोर आला की आम्ही एक प्रश्न विचारतो: हा काढला कसा? तोच प्रश्न कॉलेजच्या रँकला विचारू.

केंद्र सरकारची यादी म्हणजे एनआयआरएफ. २०१५ मध्ये जाहीर झाली, पहिली यादी २०१६ मध्ये आली. इंजिनिअरिंगसाठी तिचा हिशोब ढोबळमानाने असा: शिकवणं आणि साधनसामग्रीला १०० पैकी ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थी बाहेर पडल्यावर त्यांचं काय झालं याला २०, वेगवेगळ्या भागांतले, मुली, मागास आणि गरीब घरांतले विद्यार्थी किती याला १०, आणि कॉलेजबद्दल इतर प्राध्यापकांचं आणि कंपन्यांचं मत काय याला १०.

थोडं थांबून बघा. संशोधनाला ३०. म्हणजे प्राध्यापकांचे पेपर, पेटंट, प्रकल्प. आयआयटी मद्रास २०१६ पासून इंजिनिअरिंगच्या यादीत पहिली आहे, त्यात हे संशोधन मोठी बाजू सांभाळतं. पण मामाच्या पोरीला चार वर्षं नीट शिकवणारं आणि नोकरीपर्यंत पोहोचवणारं कॉलेज हवंय. तिथं संशोधन कमी असेल तर ते कॉलेज यादीत खाली जाईल. म्हणून काही ते तिच्यासाठी वाईट ठरत नाही. उलट संशोधनात पुढे असलेल्या ठिकाणी पहिल्या वर्षाला शिकवणारे चांगले असतीलच, असंही नाही. रँक खोटी नसते, पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न आपला असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, या यादीत पहिली १०० कॉलेजं क्रमांकानं येतात, पुढे ३०० पर्यंत गटांत. महाराष्ट्रातली बहुसंख्य कॉलेजं या यादीत येतच नाहीत. मग गोंदियाच्या चौकातल्या बॅनरवर "विदर्भात नंबर एक" येतं कुठून? कुठल्यातरी खाजगी सर्व्हेतून, मासिकाच्या पुरवणीतून, किंवा बॅनर छापणाऱ्याच्या आत्मविश्वासातून. बॅनर दिसला की विचारा: यादी कोणाची, वर्ष कुठलं?

तिसरं, नॅकची ग्रेड. ती रँक नाही, ती मूल्यांकनाची श्रेणी आहे आणि ती संपूर्ण कॉलेजला मिळते. एकेका ब्रँचची मान्यता बघायची असेल तर एनबीए बघायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका विद्यापीठाच्या पाहणीला गेलेल्या नॅक समितीतल्या लोकांना लाचेच्या आरोपावरून सीबीआयनं अटक केली होती. सगळ्या ग्रेड खोट्या आहेत, असा याचा अर्थ काढू नका. एका अक्षरावर चार वर्षं आणि घरचे लाखो रुपये लावू नका, एवढंच म्हणतो.

आणि पॅकेज! याचं तर साधं गणित करू. समजा दहा पोरं आहेत. नऊ जणांना ४ लाखांची नोकरी लागली, एकाला ४४ लाखांची. सरासरी निघते ८ लाख. बॅनरवर ४४ लाख छापतात, माहितीपत्रकात सरासरी ८ लाख छापतात, आणि तुमच्या पोराला मिळण्याची शक्यता कशाची जास्त? ४ लाखांची. दहा जणांना पगारानुसार ओळीत उभं केलं की मधल्याला किती, तो आकडा विचारायचा. त्याला मीडियन म्हणतात. तो विचारला की समोरचा माणूस थोडा वेळ गप्प होतो.

आता वातावरण. हा शब्द मला फार दिवस छळत होता, कारण तो कोणी उलगडून सांगतच नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या प्रवेशात, माझ्या मामाजींच्या घरी तो उलगडला, तो किस्सा सांगतो.

मामाजींना एक मुलगा, एक मुलगी. मुलगा मोठा. त्याच्या वेळी सगळं एका फोनमध्ये ठरलं होतं. पुण्याचं कॉलेज आहे, रँक बरी आहे, जाऊ दे. शैक्षणिक कर्ज काढलं, पोरगा गेला. तीन वर्षांनी मुलीचा नंबर आला. तिचा पर्सेंटाइल भावापेक्षा थोडा वरच होता. तिनं यादी केली, त्यात पुण्याची कॉलेजं वर टाकली. मामाजींचा मला फोन. "पोरीले तेवढ्या दूर कसं पाठवावं बाबू? तिथलं वातावरण कसं आहे, कोण जाणे."

फोन स्पीकरवर होता. मागून तिचा आवाज आला, "दादाच्या टायमाले कोणी वातावरण विचारलं होतं का?"

फोनवर शांतता. मग मी म्हटलं, "मामाजी, वातावरण म्हणजे नेमकं काय पाहिजे ते एकेक सांगा, मी लिहून घेतो." मामाजींना सांगता येईना. मामी बोलायला लागल्या. रात्रीची गाडी लेट झाली तर स्टेशनवर घ्यायला कोण येईल? होस्टेल कॉलेजच्या आवारात आहे की बाहेर? पहिल्या वर्षापुरतंच देतात की चारही वर्षं? आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेईल? वर्गात मुली किती? आपल्याकडची कोणी आहे का तिथं? रॅगिंग होतं का?

बघा, यातला एकही प्रश्न "पोरगी बिघडेल का" असा नाही. सगळे प्रश्न सरळ आहेत, त्यांची उत्तरं मिळतात, आणि मुख्य म्हणजे ते पोराच्या वेळीही विचारायचे होते. मी मामाजींना तेच म्हटलं, आणि तेव्हा कळलं की पोराच्या वेळी होस्टेल मिळालंच नव्हतं. पहिल्या वर्षात त्यानं तीन खोल्या बदलल्या, बाहेरच्या मेसचं खाऊन कावीळ झाली, आणि घरी सांगितलंच नाही. "करून राहिलो", "जाऊन राहिलो" म्हटलं की खोलीतली पोरं हसायची, म्हणून दोन-चार महिने तो वर्गात बोललाच नाही. हे मलाही नवीन नव्हतं. माझ्याही भाषेवर हसून झालंय पुण्यात. पण आम्ही पोरं, आमचं वातावरण कोणी विचारत नाही, आम्हीही सांगत नाही.

म्हणून मला वाटतं, या दोन प्रश्नांच्या वाटणीत दोघांचंही नुकसान आहे. मुलीसाठी रँक विचारत नाहीत, म्हणून तिला जवळचं म्हणून कमी दर्जाचं कॉलेज मिळतं, आणि मार्क असूनही. मुलासाठी वातावरण विचारत नाहीत, म्हणून तो एकटा पडतो, आजारी पडतो, विषय राहतात, आणि घरी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता कामाची गोष्ट. ही उत्तरं मिळवायची कुठून?

गंमत अशी की वातावरणाची बरीच उत्तरं त्या रँकच्याच कागदात असतात. एनआयआरएफमध्ये भाग घेणारं प्रत्येक कॉलेज माहिती भरून देतं आणि ती पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवते. रँक मिळालेली नसली तरी ही पीडीएफ असू शकते. उघडून बघा. एकूण विद्यार्थ्यांत मुली किती, ते त्यात असतं. राज्याबाहेरचे किती, आर्थिक मागास किती, किती जणांना सरकारकडून पूर्ण फी परत मिळते, किती जण ठरलेल्या चार वर्षांत पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती. आकडे कॉलेजनं स्वतः दिलेले असतात, म्हणून आंधळा विश्वास नको. पण दोन कॉलेजं शेजारी ठेवून बघितली की फरक दिसतो. ज्या कॉलेजात शेकड्यांनी पोरं फी परतीच्या योजनेतली आहेत, तिथं शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला रांगेत तुम्ही एकटे नसाल. माझ्या मते हेही वातावरणच.

रॅगिंगबद्दल: महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ पासून. देशभराचा हेल्पलाइन नंबर १८००-१८०-५५२२. कॉलेजच्या साइटवर अँटी-रॅगिंग समितीची नावं आणि चालू फोन नंबर आहेत का, ते बघा. एकदा फोन लावून बघा. उचलला की नाही, यावरून बरंच कळतं.

बाकीचं सिनियरला विचारायचं. पण "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, "मस्त आहे" असंच उत्तर येतं. विचारा: लायब्ररी मुलींसाठी किती वाजेपर्यंत, आणि मुलांसाठी किती वाजेपर्यंत? मागच्या महिन्यात मेसला किती पैसे गेले? दुसऱ्या वर्षी कुठं राहिलीस? आणि मुलीचं विचारायचं असेल तर सिनियर मुलीलाच विचारा, माझ्यासारख्या दादाला नको. मामाजींच्या मुलीला मी एका ताईचा नंबर मिळवून दिला आणि बाजूला झालो. दोघी तासभर बोलल्या.

पुढचा मुद्दा कट-ऑफचा. कट-ऑफच्या यादीत जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर बघायला शिका. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्य पातळी. आपलं गोंदिया नागपूर विद्यापीठात येतं. म्हणजे नागपूरच्या ज्या कॉलेजात ही विभागणी आहे तिथं आपण एचमध्ये, आणि राज्यातल्या जागांपैकी ७० टक्के त्यात. तशाच पुण्याच्या कॉलेजात आपण ओमध्ये, उरलेल्या ३० टक्क्यांत. सीओईपीसारख्या ठिकाणी एस, सगळे एकत्र. पुण्याच्या मित्राला जो कट-ऑफ लागला तोच आपल्याला लागेल असं धरून यादी केली तर फसगत होते.

मग पैशाचं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला: ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. खाजगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. अलीकडे काही जुनी कॉलेजं खाजगी विद्यापीठ झालीत, म्हणून नाव ओळखीचं असलं तरी आधी तपासा. आणि होस्टेल, मेस, गाडीभाडं यात नाही. म्हणजे आता मुलीच्या बाबतीत खर्च फीचा कमी आणि अंतराचा जास्त झालाय. वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च मांडा आणि मग पुणे-नागपूर तुलना करा. मुलांसाठी फी माफीच्या जागा आहेत, टीएफडब्ल्यूएस म्हणतात, प्रत्येक ब्रँचला ५ टक्के जादा. त्याही यादीत टाका.

शेवटचं, यादीचा क्रम. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, पण खरा जीव वरच्या पाच-सहात असतो. २०२५ मध्ये चार राउंड झाले आणि नियम असा होता: पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला तर तोच पक्का, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी मिळाला तर पक्का, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. मग मागे फिरता येत नाही. म्हणून जिथं खरंच जायचं नाही ते नाव शोभेसाठी वर टाकायचं नाही. या वर्षीचे नियम सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

मामाजींच्या मुलीनं काय केलं? रात्री जेवणं झाल्यावर सगळे बसले. मामींच्या प्रश्नांची उत्तरं तिनं वहीत लिहिली होती, कॉलेजवार. वहीकडे बघून एक पुण्याचं कॉलेज तिनं स्वतःच खाली ढकललं, कारण होस्टेल फक्त पहिल्या वर्षी होतं. यादीत पहिली दोन पुण्याची राहिली, तिसरं नागपूरचं, कॉम्प्युटर. पहिल्या राउंडला सहावं मिळालं, ती थांबली. दुसऱ्या राउंडला तिसरं मिळालं. नियमानं पक्कं.

मामाजी म्हणाले, "बरं झालं, जवळ मिळालं." ती म्हणाली, "जवळ म्हणून नाही मिळालं बाबा, मी तिसरं टाकलं होतं म्हणून मिळालं." पुणे हुकलं याचं तिला वाईट वाटलंच, नाही असं नाही. पण जे मिळालं ते तिनं स्वतः लिहिलेल्या यादीतलं होतं. सध्या होस्टेलला आहे, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडून आता तिलाच फोन येतात.

तर मंडळी, यंदा घरात कोणाचा फॉर्म भरायचा असेल तर एक वही घ्या. मुलगा असो की मुलगी, दोघांसाठी तेच प्रश्न लिहा: मीडियन पगार, चार वर्षांत पास किती, होस्टेल किती वर्षं, वर्षाचा खर्च, मुली किती, आपल्याकडचे कोण. आणि उत्तरं लिहायला फॉर्म ज्याचा आहे त्यालाच बसवा, काकाजी-मामाजींनी शेजारी बसावं. हा भाग गावाकडच्या ग्रुपवर टाका, रोवणीच्या धावपळीत वाचायला वेळ नसेल तर ऐकायला सांगा. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांबद्दल बोलू. भेटू, काळजी घ्या.